कर्जत सापडत नाही : खुणांच्या सूचीचा इतिहास आणि तिच्या चुका

रायगड जिल्ह्यातील कर्जतचा इतिहास शोधू पाहणारा विद्यार्थी बहुधा पहिली चूक अगदी सरळ मार्गाने करतो. रायगडाचे जुने नाव कुलाबा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये कुलाबा आणि जंजिरा यांचा अकरावा खंड १८८३ चा. तेव्हा तो अकरावा खंड उघडतो, तालुक्यांची यादी पाहतो, आणि कर्जत त्यात नसते. खालापूरही नसते. मग निष्कर्ष निघतो की इंग्रजांनी या मुलखाची नोंदच घेतली नाही.

नोंद आहे, आणि भरघोस आहे. १८८२ साली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या तेराव्या आणि चौदाव्या खंडांत कर्जतचे वर्णन सापडते, कारण त्या वेळी कर्जत ठाणे जिल्ह्यात होते आणि खालापूर हा त्याच तालुक्याचा पेटा होता. १८९१ मध्ये कर्जत कुलाब्याला जोडले गेले. १९६४ च्या सुधारित गॅझेटियरमध्ये ते कुलाबा जिल्ह्यात आले. १९८१ मध्ये त्या जिल्ह्याचे नाव रायगड झाले. गाव जागचे हलले नाही. त्याचा पत्ता मात्र दोनदा बदलला, आणि ग्रंथांची कपाटे जुन्याच पत्त्यावर राहिली.

हा धागा त्या पत्त्याविषयी आहे. नावावरून ठिकाणी नेणारी सूची कशी बनते, ती केव्हा फसते आणि फसली हे कसे ओळखावे, हा प्रश्न ग्रंथपालांना जितका जुना आहे तितकाच संगणकाच्या कार्यक्रमकारांनाही परिचित आहे. त्यांनी त्यावर एक लहानसे अवजार घडवले. त्या अवजाराचा इतिहास अभ्यासकांनाही उपयोगी पडतो, कारण आज जुन्या खंडांचा मजकूर साध्या टेक्स्ट फाइलींत ठेवून तो एडिटरमध्ये वाचता येतो, आणि तेथे नेमक्या याच चुका पुन्हा भेटतात.

सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात बिल जॉय यांनी व्हीआय हा एडिटर लिहिला. युनिक्सचा स्रोत-मजकूर शेकडो फाइलींत विखुरलेला असे. एखाद्या फाइलीत अमुक कार्याला हाक मारलेली दिसली, तर ते कार्य प्रत्यक्षात कोठे लिहिले आहे हे शोधण्यासाठी एकेक फाइल चाळावी लागे. बर्कलीतीलच केन आर्नोल्ड यांनी यावर सीटॅग्ज नावाचा कार्यक्रम लिहिला. १९७९ च्या अखेरीस आलेल्या बर्कली युनिक्सच्या तिसऱ्या आवृत्तीत तो समाविष्ट झाला. हा कार्यक्रम सगळ्या फाइली एकदा वाचतो आणि एक साधी यादी तयार करतो. यादीच्या प्रत्येक ओळीत तीन गोष्टी असतात : नाव, त्या नावाची व्याख्या असलेली फाइल, आणि त्या फाइलीत नेमकी जागा. एडिटरमध्ये शब्दावर थांबून एक कळ दाबली की व्याख्या समोर उघडते, आणि दुसरी कळ दाबली की माणूस जिथून निघाला तिथे परततो. पुढे नेदरलंड्सच्या ब्राम मूलेनार यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्हिम एडिटरने ही सोय जशीच्या तशी उचलली आणि वाढवली. यादी बनवणाऱ्या कार्यक्रमाची सुधारित आवृत्ती डॅरेन हीबर्ट यांनी १९९६ च्या सुमारास हाती घेतली. तिची शेवटची मूळ आवृत्ती २००९ ची. नंतर इतरांनी ती युनिव्हर्सल सीटॅग्ज या नावाने पुढे चालू ठेवली.

या यादीतील तिसरा रकाना लक्ष देण्यासारखा आहे. जागा सांगायची तर ओळीचा क्रमांक देणे सर्वांत सोपे. पण क्रमांक फार नाजूक असतो. वर दोन ओळी वाढल्या की खालचे सगळे क्रमांक चुकतात. म्हणून या यादीत क्रमांकाऐवजी बहुधा त्या ओळीचा मजकूरच दिलेला असतो : ‘अमुक शब्दांनी सुरू होणारी ओळ शोध’. ओळ वर सरकली काय आणि खाली सरकली काय, ती सापडते. जुन्या ग्रंथाचे संदर्भ देताना हाच धडा पुन्हा पुन्हा शिकावा लागतो. पुनर्मुद्रणात किंवा ई-आवृत्तीत पृष्ठे बदलतात, आणि केवळ पृष्ठक्रमांकावर विसंबलेली टीप पोकळ ठरते. ज्याने प्रकरणाचे नाव व परिच्छेदाचे पहिले शब्द टिपून ठेवले, त्याची टीप शंभर वर्षे टिकते. अर्थात ती ओळच कोणी बदलली, तर मजकुराची खूणही निकामी होते.

आता प्रत्यक्ष प्रयोग. समजा, गॅझेटियरच्या अकराव्या, तेराव्या, चौदाव्या आणि सतराव्या खंडांचा मजकूर एका फोल्डरमध्ये आहे आणि एका अभ्यासकाने सीटॅग्ज चालवले. पहिला अनुभव असा येतो की सूची रिकामी निघते. हा बिघाड नाही. हे अवजार फाइलीच्या नावाच्या शेपटीवरून ती कोणत्या भाषेतील आहे हे ठरवते, आणि साधा गद्य मजकूर त्याच्या ओळखीचा नसतो. न ओळखलेल्या फाइली ते गुपचूप वगळते. त्याला आधी शिकवावे लागते. ‘व्याख्या’ म्हणजे काय, हे एका नमुन्याने सांगता येते. चौदाव्या खंडासाठी ही व्याख्या सहज सुचते, कारण त्यात ठाणे जिल्ह्यातील स्थळे वर्णानुक्रमाने दिली असून प्रत्येक नोंद स्थळाच्या नावानेच सुरू होते. परिच्छेदाच्या आरंभीचे नाव म्हणजे व्याख्या, आणि इतरत्र आलेले तेच नाव म्हणजे नुसता उल्लेख. माथेरानची नोंद कोठे आहे आणि माथेरानचा उल्लेख कोठे कोठे आहे, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत, आणि पुष्कळ गोंधळ ते एकच मानल्याने होतो.

दुसरा अडथळा वर्तनीचा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरने स्थळनामांत दीर्घ ‘आ’ साठी रोमन अक्षरावर तिरकी खूण दिली. माथेरानमध्ये ती दोनदा येते, खालापूरमध्येही दोनदा. ग्रंथाचे छायाचित्र घेऊन संगणकाकडून मजकूर वाचवून घेतला की ही खूण कधी राहते, कधी गळते, कधी भलतेच अक्षर होऊन बसते. शोधणारा खूण नसलेले नाव देतो आणि उत्तर येते, ‘खूण सापडली नाही’. व्हिममध्ये या संदेशाचा क्रमांक ४२६ आहे. रेल्वेच्या जुन्या कागदांत तर खोपोलीला कॅम्पूली म्हटले आहे. १८५६ च्या मे महिन्यात आगगाडी पळसदरीमार्गे जिथवर पोहोचली ते हेच कॅम्पूली. खोपोली हे नाव घेऊन त्या कागदांत शिरणाऱ्याला तेथे काहीच दिसत नाही.

देवनागरीत सूची करणाऱ्यांनी हसू नये. ‘दऱ्या’ हा शब्द संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो : एकात खालच्या टिंबाचा ऱ हे स्वतंत्र अक्षर येते, दुसऱ्यात साध्या र पुढे न दिसणारे जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे.

वर्णानुक्रमाची गोष्ट याहून गंभीर आहे. खुणांची सूची लांब असते, म्हणून एडिटर ती पहिल्या ओळीपासून वाचत नाही. तो मधली ओळ उघडतो, हवे असलेले नाव तिच्या आधी येईल की नंतर हे ठरवतो, अर्धी सूची टाकून देतो, आणि उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करतो. शब्दकोश उघडण्याची आपली पद्धत हीच. पण यासाठी सूची क्रमात असलीच पाहिजे, आणि क्रम यंत्राचा असला पाहिजे. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो. संगणकाच्या युनिकोड मांडणीत तो ल च्या लगेच पुढे, व च्या आधी बसवलेला आहे. परिणामी हाताने वर्णमालेप्रमाणे लावलेल्या सूचीत ‘पवना’ आधी आणि ‘पळसदरी’ नंतर असते. यंत्राच्या हिशेबाने ‘पळसदरी’ आधी हवी. शोध घेणारा एडिटर ‘पवना’पाशी येतो, ‘पळसदरी’ याच्या मागे असणार असे ठरवतो, आणि पुढचा अर्धा भाग न पाहताच टाकून देतो. नाव सूचीत आहे, डोळ्यांना दिसते आहे, आणि तरीही ‘सापडले नाही’ असे उत्तर येते. अनेकदा एडिटरला गडबड लक्षात येते आणि तो सूची क्रमात नसल्याचा संदेश क्रमांक ४३२ दाखवतो. नेहमी येईलच असे नाही. उपाय दोन : सूची यंत्राकडूनच लावून घ्यावी, किंवा सूचीच्या डोक्यावरील ओळीत ती क्रमात नाही असे नोंदवावे, म्हणजे एडिटर सगळी ओळीओळीने वाचतो. जिल्ह्यापुरत्या सूचीला दुसरा उपाय पुरतो.

इथवरच्या चुका निदान बोलून दाखवतात. ‘सापडले नाही’ या उत्तराने माणूस सावध होतो, आणखी एकदा शोधतो. घातक चूक ती, जिच्यात काहीतरी सापडते.

महाराष्ट्रात कर्जत नावाची दोन तालुक्यांची ठिकाणे आहेत. एक भीमाशंकरच्या पायथ्याच्या बाजूला, कोकणच्या धुवाधार पावसात. दुसरे अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, अवर्षणप्रवण पठारावर, राशीनच्या देवीच्या तालुक्यात. त्या दुसऱ्या कर्जतची नोंद १८८४ च्या सतराव्या खंडात आहे. चारही खंड एकाच सूचीत असतील आणि अभ्यासकाने कर्जतवर कळ दाबली, तर एडिटर त्याच्या नियमांनुसार पहिली ठरणारी नोंद उघडतो. पुढे आणखी नोंदी आहेत याची सूचना खालच्या ओळीत क्षणभर येते, आणि वाचणाऱ्याची नजर तोवर मजकुरावर गेलेली असते. पुढील वाक्ये सुसंगत असतात. पीक, पाऊस, बाजार, सगळे काही. फक्त ते दुसऱ्याच कर्जतचे. अशा वेळी सगळ्या पर्यायांची यादी मागवणारी आज्ञा वापरणे हीच सवय लावून घ्यावी लागते.

कर्जत–खालापूर परिसर अशा जुळ्या नावांनी भरलेला आहे. राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाणे येथे लेणी आहेत. तेथील ब्राह्मी लेखात ती कण्हाचा शिष्य बालक याने केल्याची नोंद आहे. कोंढाणा म्हणजे सिंहगड, तानाजी मालुसरे यांच्या १६७० च्या पराक्रमाचा. रोमन लिपीत दोन्ही नावे जवळजवळ एकच होतात, आणि ढ आणि ड यांतला फरक हरवला की लेणी किल्ल्यावर जाऊन बसतात. भर म्हणजे राजमाची किल्ला पुणे जिल्ह्यातील मावळात आणि त्याच्या पायथ्याची लेणी रायगडात. एकच डोंगर दोन जिल्ह्यांच्या कपाटांत विभागलेला.

बोरघाटाचेही तेच. इंग्रजी कागदांत त्याला भोर म्हटले आहे, आणि भोर म्हटले की पुणे जिल्ह्यातील भोर संस्थान आठवते. १८५६ ते १८६३ या काळात कर्जतच्या बाजूने खंडाळ्याकडे चढणाऱ्या या रेल्वेमार्गाचे काम चालले. पंधरा मैलांच्या चढणीत पंचवीस बोगदे आणि आठ मोठे पूल, आणि एका वेळी सुमारे ४२,००० मजूर. मुख्य अभियंता जेम्स बर्कली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, आणि काम त्याच्या पत्नी ॲलिस यांनी पुढे चालवले. २१ एप्रिल १८६३ रोजी मार्ग खुला झाला. या मजुरांविषयी काही शोधायचे, तर भोर, बोर, कॅम्पूली, खोपोली, ठाणे, पुणे अशी सगळी दारे ठोठावावी लागतात. एका नावाच्या दारावर थांबलेल्याला अर्धाच इतिहास मिळतो, आणि तो अर्धा आहे हे त्याला कळतही नाही.

स्वतः ‘कुलाबा’ हे नाव तरी सरळ आहे काय? ते मुंबईच्या दक्षिण टोकाचे आहे आणि अलिबागच्या समुद्रातील किल्ल्याचेही. त्याच्या जागी आलेले ‘रायगड’ हे महाडजवळच्या राजधानीचे नाव आहे, आणि छत्तीसगडमध्येही एक रायगड जिल्हा आहे. नाव बदलून संदिग्धता संपली असे कोणी समजू नये. उलट १९८१ नंतरच्या सूचीत किल्ला आणि जिल्हा हे दोन अर्थ एका शब्दाखाली आले.

याच्या उलट अडचण म्हणजे एका स्थळाची दोन नावे. कर्जत तालुक्यातील कोथळीगडाला त्याच्या पायथ्याच्या गावावरून पेठचा किल्लाही म्हणतात. सूचीत दोन्ही नावे त्याच एका ओळीकडे दाखवणारी हवीत. यंत्र हे आपणहून करीत नाही. ही ओळ माणसाने हाताने घालायची, आणि ती घालण्याइतका तो प्रदेश त्याला ठाऊक असायला हवा.

उल्लेखांचा प्रश्न शेवटी राहतो. खुणांची सूची व्याख्या दाखवते, वापर दाखवत नाही. ‘या कार्याला कोण कोण हाक मारते’ या प्रश्नासाठी बेल लॅब्जमधील ज्यो स्टेफन यांनी सीस्कोप हे वेगळे अवजार लिहिले होते. ते एप्रिल २००० मध्ये सर्वांसाठी खुले झाले. इतिहासात हा दुसरा प्रश्न बहुतेक वेळा पहिल्याहून मोठा असतो. माथेरानमध्ये जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण उर्फ भाई कोतवाल हे १९४२ च्या लढ्यातील आझाद दस्त्याचे नेते. त्यांचे कार्य कर्जतच्या परिसरातले, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले. २ जानेवारी १९४३ रोजी ते आणि हिराजी पाटील सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. सिद्धगड मुरबाड तालुक्यात, ठाणे जिल्ह्यात. कर्जतमधल्या तरुणाने केवळ कुलाब्याचे कपाट पाहिले तर जीवन सापडते आणि मृत्यू सापडत नाही. ठाण्याचे पाहिले तर उलट. दोन्ही जिल्ह्यांतले सगळे उल्लेख एकत्र मागणारा शोधच येथे कामाचा.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या संपादकांनाही हे जाणवले असावे. जेम्स कॅम्पबेल यांच्या देखरेखीखाली निघालेल्या खंडमालेचा सत्ताविसावा खंड १९०४ मध्ये आला, आणि तो संपूर्णपणे सर्वसाधारण सूचीचा होता. साऱ्या फोल्डरसाठी एकच खुणांची फाइल करण्यासारखे ते काम. जिल्हानिहाय खंडांच्या मागची सूची पाहण्याआधी ही सूची पाहणारा वाचक कर्जतच्या चुकीतून वाचतो, कारण ही सूची त्याला जिल्हा आधी निवडायला लावत नाही.

फोल्डरच्या जागेचीही एक क्षुल्लक दिसणारी अडचण आहे. सूचीत फाइलींची नावे पूर्ण पत्त्यासह लिहिली गेली असतील आणि नंतर फोल्डर दुसऱ्या संगणकावर किंवा दुसऱ्या ठिकाणी हलवला, तर सूची शाबूत असते आणि फाइल मात्र ‘अस्तित्वात नाही’. हा संदेश क्रमांक ४२९. सूची फोल्डरच्या मुळाशी ठेवून तिच्यात सापेक्ष पत्ते ठेवले, आणि एडिटरला चालू फाइलीपासून वरच्या फोल्डरांत सूची शोधत जाण्यास सांगितले, की हा त्रास मिटतो. कर्जत ठाण्यातून कुलाब्यात गेले तेव्हा झाले तेही हेच होते, फक्त तेथे हलवणारा सरकारी हुकूम होता.

या अवजाराच्या संदेशांत एक संदेश विशेष प्रामाणिक आहे. खुणेची ओळ जशीच्या तशी मिळाली नाही, पण तिच्याशी मिळतीजुळती ओळ आढळली, तर व्हिम तेथे उडी मारतो आणि संदेश ४३५ दाखवतो. त्याचा आशय असा की खूण सापडली नाही, हा नुसता अंदाज आहे. कोंडाण्याऐवजी कोंढाण्यावर, बोरऐवजी भोरवर आणि एका कर्जतऐवजी दुसऱ्यावर उतरलेल्या कितीतरी लेखांच्या खाली हा संदेश छापता आला असता.

कर्जतपुरती सूची हाताने करायची झाली तर तिच्यात निदान चार ओळी लागतात : ठाणे खंडातले कर्जत, १९६४ च्या कुलाबा खंडातले कर्जत, १९८१ नंतरचे रायगडचे कर्जत, आणि स्पष्ट वेगळे म्हणून नोंदवलेले नगरचे कर्जत. खालापूरसाठी पहिल्या ओळीत ‘पेटा’ हा शब्द घालून ठेवावा, कारण १८८२ च्या खंडात ते तालुका म्हणून शोधणाऱ्याच्या हाती लागत नाही.